रुचिकाच्या टेबलाचा प्लग

मांजरसुंब्याच्या आमच्या दूध केंद्रात अकरा वर्षं कॉम्प्युटरचं काही अडलं की एकच नाव, गंगासागर. म्हणजे मी. मालक मन्मथप्पा येईल त्याला सांगायचे, "गंगाबाईला विचारा." महिन्याखाली ही रुचिका कामाला लागली, अन् अप्पांचं तोंड तिकडं वळलं. जळले मी. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी सकाळी तिनं जुन्या नोंदी नव्या पद्धतीत उतरवायला लावल्या. अकरा वर्षांतली एकूण एक गाय, एकूण एक म्हैस, सगळ्या माझ्या बोटांनी टाकलेल्या. पडद्यावर ओळी पळत होत्या. अप्पांनी केबिनमधून हाक मारली, "कुठवर आलं, पोरी?" ही उठली, त्यांच्या कॉम्प्युटरवर दोन ओळी टाइप केल्या, अन् तेच चालतं काम तिथं पळायला लागलं! मधी थांबलं सुद्धा न्हाई.

"लई हुशार हाय बरं का," अप्पा म्हणाले, अन् तेबी माझ्याकडं बघून. झोंबलं मला.

दुपारी ती डबा खायला मागच्या खोलीत गेली. आमच्याकडं नियम हाय, मीच केलेला. जेवायला उठलं की आपापला कॉम्प्युटर बंद करायचा, लाइटबिल लई येतं. हिनं केला नव्हता. बरी सापडली! मी सरळ तिच्या टेबलाचा प्लग उपटला. पडदा काळा झाला. घटकाभर लई गार वाटलं. मग ध्यानात आलं. अगं बये, त्या नोंदी तर माझ्याच! अर्ध्यात मोडल्या असल्या तर?

रुचिका आली. तिनं लोंबता प्लग बघितला, मला बघितलं.

"जरा सरका, ताई."

माझ्याच टेबलावर तिनं त्या दोन ओळी टाइप केल्या. काम पळतच होतं. एक्क्याऐंशी टक्के झालं होतं.

"तुटलं न्हाई?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते माझ्या कॉम्प्युटरमधी नव्हतंच, ताई. आतल्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर, सर्व्हरवर चालतंय. कुठल्याबी टेबलावरून लॉगिन करायचं, अन् पुढं धरायचं."

तेवढ्यात अप्पा आले. "रुचिका, तुझा कॉम्प्युटर कावून बंद हाय?"

आता ही सांगणार, अन् अकरा वर्षांची माझी पत मातीत जाणार.

"लाइट गेलती, अप्पा," ती म्हणाली.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. अप्पांनी पंख्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, अन् निघून गेले.

मेलीनं सरळ चुगली केली असती तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.