एकशे सात किलो आणि दसऱ्याची सायकल

मित्रांनो, मी मालाडची एक जुनी माउंटन बाइक आहे आणि दसऱ्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. फडकं घेऊन कुणी पुसायला आलं तरी चावेन, आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे आई नाही की बाप नाही, नुसते पाने आणि वंगण. पण बांधा दिला तो खणखणीत. जाड नळ्या, रुंद टायर आणि चाकांत भरगच्च स्पोक. मला दुकानातून घरी आणलं श्रुतिकाने. अंगाने दणकट पोरगी. आरेच्या जंगलातल्या चिखलातून, दगडगोट्यांतून आम्ही दोघी अशा जायचो की सडपातळ पोरं बाजूला घसरून पडायची आणि ही वरून विचारायची, "काय रे, झोपलास का?" तिचं वजन मला कधी जड झालं नाही. जड झाली ती लोकांची जीभ.

तिच्या ऑफिसात एक सम्यक आहे. त्याची टोळी रविवारी रोड बाइक, म्हणजे हलक्या, बारीक टायरच्या सायकली घेऊन हायवेने वसईपर्यंत जाते. तो हिला म्हणाला, "ये ना तू पण. फक्त तो रणगाडा आणू नको यार, आम्हाला थांबत बसावं लागतं." रणगाडा म्हणजे मी! ज्याला पंक्चर काढता येत नाही, त्याने मला नावं ठेवावीत!

पण तिने ते मनाला लावून घेतलं. रोड बाइक घ्यायचीच, असं ठरलं. जानकीबाई म्हणजे तिची आई, मूळच्या मालवणकडच्या. त्यांचा हुकूम सुटला की वाहन घ्यायचं तर दसऱ्याच्या मुहूर्तावर. आणि मला द्यायचं बदल्यात. सकाळी हँडलला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि दुपारी मला विकायला काढलं. बोकडाला तरी वेगळं काय करतात?

बोरिवलीच्या त्या दुकानात जत्रा भरली होती. विकी नावाचा विक्रेता पुढे आला. त्याने एक काटकुळी रोड बाइक दोन बोटांवर उचलली. "बघा मॅडम, कापूस आहे कापूस!" अरे मेल्या, तिला उचलून काय दाखवतोस? उद्या तिने माणसाला उचलायचं आहे. चाकांकडे पाहिलं तर स्पोक मोजकेच, जत्रेतल्या पाळण्यासारखे विरळ.

मग त्याने सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, "वजन किती मॅडम तुमचं?"

सोबत आलेला सम्यक फिसकन हसला. श्रुतिका खाली बघत म्हणाली, "ऐंशी."

खोटं! साफ खोटं! रोज तिला वाहून नेणारी मी समोर उभी होते, पण मला विचारतो कोण? विकीनेही मान वर करून पाहिलं नाही. जानकीबाईंचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. "गे, बेगीन कर, मुहूर्त टळतलो!"

श्रुतिका ती सायकल घेऊन कोपऱ्यापर्यंत फेरी मारायला गेली. तिथे एक खड्डा होता. टण्ण करून आवाज झाला. मागच्या चाकाचा स्पोक तुटला, चाक वाकडं झालं आणि पोरगी धाडकन आडवी. कोपर सोलवटून, सायकल ओढत परत आली. विकी म्हणाला, "मॅडम, सायकल चांगली होती. तुमचंच जरा..." आणि दुकान हसलं.

श्रुतिकाचा चेहरा राखेसारखा झाला. "मला नको काही. ही जुनीपण ठेवून घ्या. माझ्यासारखीचं हे कामच नाही."

मित्रांनो, मला भंगारात घातलं असतं तरी चाललं असतं. पण आरेचा चढ दातओठ खाऊन चढणारी माझी पोरगी एका फिदीफिदी हसण्याने कायमची खाली उतरत होती. मला हात असते तर एकेकाच्या कानाखाली आवाज काढला असता.

ते काम जानकीबाईंनी जिभेने केलं. "हसतास कित्याक रे? माझा चेडू तुमच्या बापाशीचा खाता काय?" मग लेकीकडे वळल्या. "आणि ऐंशी कोणाचा गे? ऐंशी माझा! तुझा खरा सांग त्याका."

श्रुतिकाने मान वर केली. "एकशे सात," ती म्हणाली. मोठ्याने. "आता दाखव, मला पेलेल अशी कुठली आहे?"

कुणी हसलं नाही. विकी पुटपुटला, "आधी सांगायचं ना मॅडम." आधी विचारलंस कसं, ते आठव!

तेव्हा कुठे त्याने खरी गोष्ट सांगितली. चाकांत स्पोक भरपूर हवेत, टायर जरा रुंद बसले पाहिजेत, चढासाठी हलके गिअर हवेत. सायकल थोडी जड असली तर बिघडत नाही. तशी एक होती, पण तिच्या उंचीला बसेल अशी यायला आठवडा लागणार होता. मुहूर्त हुकणार! सगळ्यांनी जानकीबाईंकडे पाहिलं.

"मुहूर्त गेलो खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "पडला तर चेडू माझा पडतला, मुहूर्त नाय."

श्रुतिकाने माझं हँडल धरलं. "ही देत नाही मी."

नवी आली ती एका साध्या मंगळवारी, ना माळ ना नारळ. चाल बरी आहे तिची, मी नाही म्हणत नाही. वसईला श्रुतिका सगळ्यांच्या शेवटी पोहोचते, पण पोहोचते. चिखलात जायचं झालं की अजून मलाच काढते. मला विकायला निघाली होती, ते मात्र मी विसरलेले नाही.

आम्हा सायकलींना वेळेवर तेल घाला, चाकांच्या तारा तपासा, हे मी सांगायला नको. सांगायचं ते एवढंच. कुणाला वजन विचारायचं तर हळू आवाजात विचारा, आणि तुम्हाला विचारलं तर खरं तेच सांगा, मान वर करून. आणि कुणी जडशी पोरगी चढावर धापा टाकताना दिसली, तर हसू नका. बाजूला व्हा आणि वाट द्या. रस्ता तुमच्या बापाचा नाही.