बाबांच्या दोन तबकड्या

गाडी येण्याआधी बाबांचा उजवा हात वर जायचा. मलकापूरचं आमचं घर रुळांना इतकं लागून होतं की मालगाडी जाताना माठातल्या पाण्यावर वर्तुळं उठत, आणि गाण्याच्या फिरत्या तबकडीवरची सुई जागा सोडून उडी मारे. बाबांना गाडी आमच्याआधी कळे. भोंग्यानं नव्हे, तळपायांनी. दोन बोटांच्या चिमटीत सुईचा दांडा धरून ते तो अलगद उचलत आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तसेच उभे राहत. खाली तबकडी निःशब्द फिरत असे, बाहेर लोखंडाचा कल्लोळ चाललेला असे, आणि या दोहोंच्या मधोमध तो निळसर शिरांचा हात स्थिर असे. गाडी गेली की सुई नेमकी त्याच सुरावर उतरे, असं मला लहानपणी वाटायचं. तसं होत नसणार, पण मी ते आजही मान्य करणार नाही.

बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची पारख करायचे. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायची, तुटलेले तंतू एकमेकांवर ठेवून पुन्हा ताणायचे, आणि धाग्याची लांबी डोळ्यांपेक्षा अंगठ्यांना विचारायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. दिवाळी सरली की हंगाम भरात येई. त्या दिवसांत ते भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर पांढरी लव घेऊन घरी येत, आणि यंत्रांची घरघर कानांत तशीच असल्यामुळे चहा होईपर्यंत कुणाशी बोलत नसत. आई आम्हा दोघा भावंडांना म्हणायची, "थांबा जरा पोरंहो, त्याईच्या कानातली जिन बंद होऊ द्या."

ती बंद झाली की तबकडी लागे. घरात तबकड्या दोनच होत्या, आणि दोन्ही आपापल्या प्रांतात सर्वश्रेष्ठ मानलेल्या. एक होती सकाळच्या रागातला ख्याल गाणाऱ्या एका थोर गायिकेची. ती बाबांनी लग्नाआधी स्वतः घेतली होती. दुसरी कव्वालीची. ती युसूफचाचांनी दिलेली. चाचा मूळचे रोहिणखेडचे, त्याच जिनिंगमध्ये फिटर होते, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे यायचे.

या दोन तबकड्यांचे बाबाही दोन होते. ख्याल ऐकणारे बाबा भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसत. गायिका एका स्वरावर थांबली की त्यांचे अंगठे नकळत एकमेकांजवळ येत आणि त्या स्वराची लांबी पाहत. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून तो अदृश्य धागा पाहत असे. कव्वाली ऐकणारे बाबा मात्र चाचांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसत, टाळी देत, घेत, आणि मुख्य गवई एके ठिकाणी अचानक थांबून साथीदारांना चकवतो तिथे दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत. त्यांच्या दोघांच्या पुढ्यात बसून टाळ्या पिटणारा माझा दादा त्या वेळी घरातला सर्वांत सुखी जीव असे. एकदा त्यानं विचारलं होतं, यातली चांगली कोणती. बाबा आपल्या डोळ्यांवर बोटं ठेवून म्हणाले, "दोन डोयांतला चांगला कोन्ता, असं कोनी इचारते का बे?"

आमच्या या रसिक माणसाला एक खोड होती. डब्याला त्याचं झाकण लावणं त्यांना आयुष्यात जमलं नाही. एकच तबकडी ऐकली तर ती आपल्या कव्हरात जाई. पण दोन्ही ऐकल्या की पहिली उतरली की हाताला लागेल त्या, म्हणजे दुसरीच्या रिकाम्या कव्हरात जाई, आणि दुसरीला उरलेलं घर मिळे. सकाळी केर काढताना आई त्या अदलाबदल करून नीट ठेवायची. मिठाच्या डब्यावर साखरेचं झाकण लावणारा नवरा मिळाला, हे ती साऱ्या आळीला सांगत असे, आणि सांगताना तिचा चेहरा तक्रार करणाऱ्या बाईचा मुळीच नसे.

गेल्या वर्षी माघात बाबा पहाटे झोपेतच गेले. हंगाम चालू होता. जिनिंगमधून खांदा द्यायला आलेल्या माणसांच्या सदऱ्यांवर रुई होती, आणि चितेकडे जाताना ती वाऱ्यानं उडत होती. वर्ष सरल्यावर आईनं नाशिकला दादाकडे जायचं ठरवलं आणि घर आवरायला घेतलं. भांडीकुंडी, कपाटं, सारं विनासायास वाटलं गेलं. तबकड्या वाजवायचं यंत्र माझ्याकडे आलं, कारण दादानं नाशिकला हौसेनं नवं घेतलं होतं. उरल्या दोन तबकड्या. मी म्हटलं, दोन्ही दादानं न्याव्यात. दादा म्हणाला, दोन्ही सुधानं न्याव्यात. आईनं दोघांनाही गप्प केलं.

"एक-एक न्या. दोन्ही एकाच घरी गेल्या तं दुसऱ्याच्या घरी तुमचे बाबा कशाले येतीन? मोठ्यानं वाटे मांडा, लहान्यानं आधी उचला."

आमच्याकडे वाटणीची रीत तीच. दादानं दोन्ही कव्हरं सतरंजीवर शेजारी-शेजारी मांडली आणि तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, माझ्यावर दडपण नको म्हणून.

मी समोर बसले आणि हात उचलेना. लोकांना वाटेल, यात अवघड ते काय. ख्याल माझा होता, कव्वाली दादाची. पण वर्षभरात माझं एक हरवलं होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांचा चेहरा आठवत होता, खोकला आठवत होता, पण त्यांचं हसू ऐकू येईनासं झालं होतं. मी पुष्कळदा डोळे मिटून शोधलं. ओठ हलताना दिसत, आवाज येत नसे. ते हसू कव्वालीच्या त्या एका थांब्यापाशी होतं. मोबाइलवर दोन्ही गाणी मिळतात, मी तीही ऐकली; तिथे गवई थांबतो, पण बाबा हसत नाहीत. आमच्या तबकडीला चरे आहेत, तिच्यावर आमच्या घराची रुई बसलेली आहे, तिच्यात ते सापडतील अशी माझी वेडी आशा होती. आणि खिडकीपाशी दादाची पाठ होती. पन्नाशीला आलेल्या त्या पाठीत टाळ्या पिटणारा मुलगा मला स्वच्छ दिसत होता. मी ख्यालाचं कव्हर उचललं. दादानं वळून पाहिलं आणि मोठा श्वास सोडला.

राजूर घाट चढून बुलढाण्याला घरी आले, तरी आठ दिवस मी ते कव्हर उघडलं नाही. आपणच सोडलेल्या गोष्टीचं दुःख करायला माणसाला तोंड नसतं. मग एका दुपारी, ऊन पडद्यातून गाळून येत असताना, तबकडी काढली, न पाहताच चढवली आणि सुई टेकवली. तानपुऱ्याऐवजी पेटी वाजली. मग टाळ्या आल्या. मी उभीच राहिले. मुख्य गवई चढत चढत गेला, त्या ठिकाणी येऊन थांबला, आणि त्या क्षणभराच्या पोकळीत बाबा हसले. तबकडीत नव्हे, माझ्या कानात. पण हसले, तीन तुकड्यांत, शेवटचा तुकडा नाकातून. मी जमिनीवर बसून खूप रडले.

रडून झाल्यावर लाज वाटली. जे दादाचं म्हणून सोडलं होतं ते माझ्या घरी वाजत होतं. फोन लावायला घेतला तोच त्याचा आला.

"सुधे, माह्या कव्हरातून ती गानारी बाई निघाली."

"ऐकली?"

"हाव. पह्यल्यांदा पुरी ऐकली. लहानपनी मले वाटे, बाबा ते लावून झोपतात. झोपत नव्हते ते."

मी म्हटलं, "तुही तबकडी माह्याकडं हाये. उद्याच पाठवतो." आम्ही वऱ्हाडातल्या बायका आपल्या माणसांशी बोलताना 'पाठवते' म्हणत नाही, अशाच बोलतो. मग आईनं दादाच्या हातून फोन घेतला.

"पाठवू नको. मले माहीत हाये ते. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी केर काढतानी मीनं कव्हरं उघडून पाह्यली. जायच्या आदल्या सांजीले त्याईनं दोन्ही ऐकल्या होत्या. बदलाले हात गेला माहा, पन नाई बदललं. त्याईचं शेवटचं ठेवनं हाये ते. राहू दे तसंच."

जन्मभर सकाळी जी चूक आईनं निस्तरली, ती शेवटची तिनं जपून ठेवली होती. आम्ही भावंडं एका दुपारी निवड करून मोकळे झालो, आणि बाबांना मात्र शेवटच्या संध्याकाळपर्यंत ती करता आली नव्हती. त्यानंतर अदलाबदलीचा विषय कुणी काढला नाही. माझ्याकडे ख्यालाच्या कव्हरात कव्वाली आहे, दादाकडे कव्वालीच्या कव्हरात ख्याल.

बुलढाण्याला रेल्वे नाही. तरी तबकडी फिरत असताना मधेच केव्हातरी माझा उजवा हात वर जातो, मी सुई उचलून धरते आणि न येणारी गाडी जाईपर्यंत थांबते. काळ निघून जातो, त्याचा शेवटचा डबाही नजरेआड होतो. पण कुणीतरी आपल्यासाठी सूर धरून उभं राहिलं होतं, एवढं हाताला आठवत राहतं.