पाचशेला तेरा कमी

स्टिकर आधी छापून आला होता, गाडी नंतर आली.

सौमित्रच्या गाडीच्या मागच्या काचेवर पांढऱ्या ठळक आकड्यांत ‘५००’ असं लिहिलेलं होतं, आणि गाडी अजून ट्रेलरवरून उतरायची होती. दीपमालाने ते वाचलं, पण ती काही बोलली नाही. बारशालाच मुलाचे दहावीचे टक्के सांगून मोकळी होणारी माणसं तिने पुण्यात पुष्कळ पाहिली होती. शिवाय गिऱ्हाईकाशी बोलणं हे रंगनाथ सरांचं काम होतं.

खडकी स्टेशनच्या मागच्या अंगाला सरांची पत्र्याची शेड होती. शेडच्या मधोमध जमिनीत दोन जाडजूड लोखंडी रोलर बसवलेले. गाडी पट्ट्यांनी जखडायची, मागची चाकं रोलरवर पळवायची आणि इंजिन किती ताकद देतं ते पडद्यावर बघायचं. या सगळ्या खटाटोपाला डायनो म्हणतात. गाडी जागच्या जागी दीडशेच्या वेगाने धावते आणि कुठेही पोचत नाही. पुण्याच्या रस्त्यांवर वेगळं काही होत नाही म्हणा, पण तिथे निदान पट्ट्यांनी बांधत नाहीत.

गाडी जपानी होती, सहा सिलिंडरची, जवळपास सौमित्रच्याच वयाची. कंपनीने तिला दोन छोटे टर्बो दिले होते. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. सौमित्रने ते दोन्ही काढून परदेशातून मागवलेला एकच मोठा टर्बो बसवला होता, चांगला नारळाएवढा. आता नव्या टर्बोच्या हिशेबाने इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे लॅपटॉपवरून बसवायचं होतं. रविवारी अशाच हौशी लोकांचा मेळावा होता. तिथे डायनोचा सही केलेला कागद दाखवावा लागे.

सौमित्रसोबत त्याचे वडीलही आले होते. श्यामसुंदरराव निवृत्त कारकून; जन्म सदाशिव पेठेतला, आता मुक्काम कर्वेनगरच्या सोसायटीत. आल्या आल्या त्यांनी प्लास्टिकची खुर्ची पुसली, तिच्यावर बसले आणि गाडीच्या कागदपत्रांचा फोल्डर मांडीवर घेतला.

“आवाज फार होईल,” दीपमालाने त्यांना इअरमफ देत सांगितलं.

“आमच्या शेजारी मंगल कार्यालय आहे,” ते म्हणाले. “चालू द्या आपलं.”

दीपमालाच्या स्वतःच्या कानांवर वेगळंच यंत्र होतं. तांब्याची एक नळी. तिचं एक टोक चपटं करून इंजिनाला बोल्टने आवळलेलं, दुसऱ्या टोकाला रबरी नळ्या, आणि त्या येऊन शिरलेल्या जुन्या इअरमफमध्ये. रंगनाथ सरांनी रॅलीच्या गाड्या करायच्या काळात ते स्वतःच्या हाताने बनवलं होतं. इंजिनातलं पेट्रोल ठिणगीची वाट न बघता भलत्या वेळी पेटलं की आत बारीक तडतड होते. ती वाढली की पिस्टन फुटतो. दीपमाला शेडमध्ये आली तेव्हा सरांनी ते यंत्र तिच्या डोक्यावर चढवलं आणि एवढंच सांगितलं, “मोहरी तडतडली की थांबायचं. पडदा काहीही म्हणो.”

तेव्हापासून तीन वर्षं ती ऐकत होती आणि सर गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबत होते. वसमतला वडील नागोराव पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करायचे, तिथेच तिचे कान तयार झाले होते. डिप्लोमा घेऊन पुण्यात आली तेव्हा चार गॅरेजवाल्यांनी तिला घरच्यांची परवानगी आहे का असं विचारलं होतं. सरांनी विचारलं, पाना कोणत्या हाताने धरतेस. त्यामुळे प्रत्येक कागदाखाली ‘ट्यून: रंगनाथ सर’ असं छापलं जायचं आणि सही सर करायचे, याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

आणि एक गोष्ट तिला वर्षभरापासून ठाऊक होती, जी तिने कुणालाही सांगितली नव्हती. सरांना बारीक आवाज ऐकू येत नव्हते. टेबलावरचा त्यांचा फोन वाजून वाजून थांबायचा आणि ते शेजारी बसून पेपर वाचत असायचे. आयुष्यभर मोठ्या आवाजात काम करून कान गेले होते, आणि ज्याच्या कानांवर निम्मं पुणे भरवसा ठेवतं तो माणूस हे कुणाला सांगणार? म्हणून त्यांनी यंत्र तिच्या डोक्यावर घातलं होतं. ती त्यांचे कान झाली होती, आणि तिने ते आनंदाने केलं होतं.

पहिल्या धावेत बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, कमी ठेवला. तीनशे एक्क्याण्णव हॉर्सपॉवर. दुसऱ्या धावेत चारशे बेचाळीस. सौमित्र मोबाइलवर चित्रीकरण करत होता आणि अधूनमधून मित्रांना ‘लाइव्ह’ दाखवत होता. इंजिन गोड चाललं होतं.

तिसऱ्या धावेत तिने दाब थोडा वाढवला. इंजिन साडेचार हजार फेऱ्यांवर गेलं आणि नळीतून तो आवाज आला. दोनचार दाणेच, पण मोहरीच. तिने हात वर केला. सरांनी पाय काढला.

“काय झालं?” सर गाडीतून उतरून आले.

“तडतडतंय, सर.”

सौमित्र लॅपटॉपवर वाकला. “सेन्सर तर काहीच दाखवत नाहीये, मॅडम. ग्राफ एकदम क्लीन आहे.”

“नव्या टर्बोच्या गोंगाटाने सेन्सर उगाच घाबरतो, म्हणून त्याला थोडं ढिलं ठेवलंय. त्याला हे दिसणार नाही.”

“दे इकडे,” सर म्हणाले.

त्यांनी यंत्र स्वतःच्या कानांवर चढवलं, सौमित्रला गाडीत बसवलं आणि तीच धाव पुन्हा घ्यायला लावली. दीपमाला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सर डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते, अगदी पूर्वी ऐकत असतील तसे. धाव संपली. त्यांनी यंत्र काढलं.

“स्वच्छ आहे,” ते म्हणाले.

ते हेच म्हणणार हे तिला माहीत होतं. एका वाक्यात सगळा निकाल लागला असता. सरांना ऐकू येत नाही. चार शब्द. सौमित्रचा मोबाइल चालूच होता, म्हणजे ते चार शब्द संध्याकाळपर्यंत पुण्यातल्या प्रत्येक गाडीवेड्याकडे पोचले असते. तिने ते गिळले.

“सर, मी पुढची धाव घेऊ देणार नाही.”

“तू?” सरांनी विचारलं. गिऱ्हाईकासमोर ती असं कधी बोलली नव्हती. “कागदावर नाव माझं जातं, दीपा. दाब वाढव. पाचशे होतील.”

“इंजिन फुटेल.”

“वाढव म्हटलं ना.”

तिने वाढवला नाही. तेव्हा सरांनी स्वतः लॅपटॉप ओढून आकडा बदलला आणि गाडीत जाऊन बसले. तिने यंत्र परत कानांवर घातलं आणि रोलर थांबवायच्या लाल बटणाशेजारी जाऊन उभी राहिली. नोकरी गेली तर खोलीचं भाडं, वसमतला काय सांगायचं, हे सगळं डोक्यात येऊन गेलं. पण सगळ्यात वाईट हे वाटलं की तिला ऐकायला ज्यांनी शिकवलं, त्यांचंच तिने आज ऐकायचं नाही असं ठरवलं होतं.

गाडी गरजली. चार हजार. सव्वाचार. मग मूठभर मोहरी एकदम कढईत पडावी तसा तिच्या कानांत तडतडाट झाला, आणि तिने बटण दाबलं.

सरांनी दचकून पाय काढला. रोलर कचकन थांबले. गाडी पट्ट्यांना हिसका देऊन बसली आणि इंजिन बंद पडलं. शेडमध्ये जळक्या रबराचा वास पसरला. सर उतरले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“ही शेड माझी आहे.”

“हो सर. इंजिन यांचं आहे.”

“मग निघ तू.”

“निघते,” दीपमाला म्हणाली. “आधी प्लग काढून दाखवते, मग निघते.”

तिला कुणी अडवलं नाही. इंजिन थोडं निवू दिलं आणि तिने एकेक करून ठिणगी टाकणारे सहाही स्पार्क प्लग काढले, फडक्यावर ओळीने मांडले. पाच ठीक होते. सहाव्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर सुईच्या टोकाएवढे चंदेरी ठिपके होते. तिने तो श्यामसुंदररावांच्या हातात दिला, कारण त्यांच्या खिशाला भिंग लटकत होतं.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“तुमचा पिस्टन आहे. त्याचं ॲल्युमिनियम वितळून इथे येऊन बसायला लागलंय. अजून एक धाव घेतली असती तर भिंगाची गरज पडली नसती.”

सौमित्रने मोबाइल खिशात ठेवला. “पण असं व्हायलाच नको,” तो म्हणाला. “टाकीत शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आहे. सगळ्यात भारी. बाबा, दाखवा ना पावती.”

श्यामसुंदररावांनी फोल्डर उघडला आणि क्षणात पावती काढली. सौमित्रने तिच्यावर बोट ठेवलं. शंभर ऑक्टेन, स्वच्छ लिहिलेलं. दीपमालाने त्याच्या बोटाच्या वरची ओळ वाचली.

“ही जूनच्या सहा तारखेची आहे.”

“बरोबर आहे,” श्यामसुंदरराव म्हणाले. “पावसाळ्यात आम्ही ही गाडी बाहेर काढत नाही. खड्ड्यांत शोधत बसावी लागते. टाकी रिकामी राहिली तर आतून गंजते, म्हणून मीच याला काठोकाठ भरून ठेवायला लावली. वर कव्हर घातलं, टायरखाली पाट ठेवले.”

“आणि आज चौदा ऑक्टोबर. चार महिने ते पेट्रोल टाकीत शिळं होत होतं. भलत्या वेळी न पेटण्याचा त्यातला दम गेला, काका. नाव शंभरचं राहिलंय फक्त.”

श्यामसुंदररावांनी पावती परत तिच्या जागी सरकवली. “म्हणजे फार काळजी घेतली, हे चुकलं,” ते म्हणाले. “आमच्या घरात हे पहिल्यांदाच होत नाहीये.” सौमित्रने मान खाली घातली.

टाकी रिकामी करायला तास गेला. सौमित्र दोन कॅन घेऊन गेला आणि ताजं पेट्रोल भरून आणलं. दीपमालाने सिलिंडरांचा दाब तपासला, सहावा अजून शाबूत होता. नवे प्लग बसवले. निघ म्हटलं होतं, पण सर त्यावर पुढे काही बोलले नाहीत आणि तिनेही विचारलं नाही. ते मुकाट्याने गाडीत जाऊन बसले. ऊन कलायला लागलं होतं, तरी पत्रा तापलेलाच होता.

सकाळी तडतडलं होतं त्याच दाबाला आता नळीत फक्त इंजिनाचा जाड, एकसंध आवाज होता. तिने तो शेवटपर्यंत ऐकला, मग एक पायरी वर चढवली आणि पुन्हा ऐकला. पडद्यावर आकडा आला: चारशे सत्त्याऐंशी.

“तेराच कमी आहेत,” सौमित्र म्हणाला. “मॅडम, आता तर पेट्रोल पण नवं आहे. एक शेवटची करूया ना. स्टिकर लावलाय मी.”

“आत जाणारी हवा तापलीय. आज हे इंजिन इथपर्यंतच.”

“पण तेरा—”

“इथपर्यंतच,” ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. सकाळी चूक पकडणं एक होतं. आता चूक कुठलीच नव्हती, समोर नुसता हट्ट होता, आणि तिला वाटलं की हट्टाला नाही म्हणायला जास्त जोर लागतो.

“नवा स्टिकर करून घेऊ,” श्यामसुंदरराव म्हणाले. “खरा आकडा असला की लोक जास्त घाबरतात.”

प्रिंटरमधून कागद आला. वर आलेख, खाली ४८७, त्याखाली नेहमीसारखं ‘ट्यून: रंगनाथ सर’. सरांनी सवयीने खिशातलं पेन काढलं.

दीपमालाने कागदावर हात ठेवला. “सर, यावर सही मी करणार.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. का, असं त्यांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. छापलेलं नाव तिने खोडलं नाही, काही नाही, नुसता हात तसाच ठेवून ती उभी राहिली. सर नाही म्हणाले तर यंत्र तिथेच खिळ्यावर सोडून स्टेशनकडे चालायला लागायचं, हे तिचं ठरलं होतं.

“कुणीतरी करा,” श्यामसुंदरराव फोल्डर उघडून बसले होते. “बिनसहीचा कागद मी यात ठेवत नाही.”

सर वाकले. तोंड तिच्या कानाजवळ आणलं आणि हळूच, फक्त तिलाच ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी विचारलं. निदान तो बेत त्यांचा होता. ज्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही त्यांना तो किती मोठा आहे हे कळत नाही, आणि त्यांची ती कुजबुज पत्र्याला आपटून शेडभर घुमली.

“खरंच मोहरी होती का गं?”

सौमित्रने चमकून वर पाहिलं. श्यामसुंदररावांनी सरांकडे पाहिलं, मग खिळ्याला लटकणाऱ्या त्या तांब्याच्या नळीकडे, आणि नजर फोल्डरकडे वळवली. सरांना काहीच कळलं नाही. ते उत्तराची वाट बघत होते.

दीपमाला त्यांच्या उजव्या कानाशी गेली. तो त्यातल्या त्यात बरा होता.

“हो सर,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “सहा नंबरला. तुम्ही शिकवलीत तशीच.”

सरांनी मान हलवली आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने दीपमाला नागोराव कऱ्हाळे असं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली रेघ ओढली.