धुरंधरांचं रिकामं पोट

कमलाकांत धुरंधरांना लिव्हर सिरॉसिस झाल्याचं ठाकूरद्वारला पसरलं, तेव्हा सर्वांत आधी त्यांची इज्जत वाढली. पालिकेच्या नकाशा खात्यात छत्तीस वर्षं काढलेला, लिंबू सरबताच्या पलीकडे न गेलेला हा माणूस आतून इतका रंगेल निघेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. आपल्याला हेपटायटिस बी आहे, तो बहुधा लहानपणीच कुठल्याशा सुईतून आला आणि गुपचूप लिव्हर पोखरत बसला, असं ते ज्याला त्याला समजावत. ऐकणारा सहानुभूतीनं मान हलवी आणि हळूच विचारी, "पण ब्रँड कुठला?"

मागच्या वाडीतल्या आग्नेलो मिस्किटाला हे भाग्यही लाभलं नाही. तो शाळेपासूनचा दोस्त. त्याला हाच विषाणू, हाच सिरॉसिस. पण त्याला कुणी कारणच विचारलं नाही. "आडनाव ऐकूनच समजतात रे," तो म्हणे.

दोघांच्या आजारात फरक होता तो गोळीचा. सुरुवातीला डॉक्टर वेगळे होते, म्हणून कमलाकांतांना एन्टेकाविर मिळालं आणि आग्नेलोला टेनोफोविर. पुढे दोघंही परळच्या एकाच डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागले, पण तोवर पक्ष ठरून गेले होते. जगात कुठेही या दोन औषधांची तुलना झाली की तिची बातमी गिरगावात पोचे. टेनोफोविरवाल्यांना लिव्हरचा कॅन्सर कमी होतो, असा अभ्यास सापडला की आग्नेलो तो सकाळी सहाला पाठवी. दोन्हींत काही फरक नाही, असा अभ्यास सापडला की कमलाकांत तो सव्वासहाला पाठवत.

"तुझ्या गोळीनं किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात."

"ते जुनं टेनोफोविर. माझं नवीन आहे. तू आपली जुनीच बातमी वाचतोस, कमू."

"माझी बातमी एकच. सात वर्षं रिपोर्टात विषाणू सापडलेला नाही."

या वाक्यावर आग्नेलो विषय बदले, कारण त्याची सहाच झाली होती.

आणि ऑगस्टच्या रिपोर्टात विषाणू सापडला.

आकडा फार मोठा नव्हता, सातशेच्या आसपास. पण सिरॉसिस झालेल्या लिव्हरमध्ये विषाणू पुन्हा हातपाय पसरू लागला तर पुढे काय काय होऊ शकतं, हे कमलाकांतांना तोंडपाठ होतं. ते सगळे अभ्यास त्यांनीच आग्नेलोला पाठवले होते. त्यांनी रिपोर्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. त्यानंतर लगेच, जरा लाजतच, दुसरा विचार आला: आता बाई गोळी बदलणार. म्हणजे टेनोफोविर. म्हणजे आग्नेलो.

तपासणीच्या दिवशी त्यांनी आग्नेलोला आपली तारीख पुढे गेल्याचं सांगितलं आणि पत्नी सुमतीबाईंना घेऊन टॅक्सीनं परळ गाठलं. ओपीडीच्या पहिल्याच बाकावर आग्नेलो बसला होता.

"माझीपण पुढे गेली," तो म्हणाला, आणि सरकून जागा दिली.

डॉ. क्षितिजा अजिंक्य या तिशीतल्या. आडनावावरून आपल्यातल्याच, पाठारे प्रभू, म्हणून सुमतीबाईंचा त्यांच्यावर जीव. त्यांनी रिपोर्ट पाहिला.

"काका, गोळ्या चुकतायत?"

"एकही नाही."

"नाहीच चुकत," सुमतीबाई म्हणाल्या. "अकराचा गजर लावतात. सगळ्या मजल्याला कळतं."

"एन्टेकाविर रिकाम्या पोटी घ्यायचं असतं. आधी दोन तास, नंतर दोन तास काही नाही."

"नऊच्या आत नाश्ता, अकराला गोळी, दीडला जेवण," कमलाकांत म्हणाले. नकाशे काढणारा माणूस. अंतरं चोख होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग अगदी घरगुती आवाजात विचारलं, "काका, तुमच्याकडे मीठ कोण बघतं?"

"म्हणजे काय? मीच."

यात अभिमान होता. धुरंधरांकडे चार पिढ्या पदार्थ चुलीवरून उतरण्याआधी घरचा कर्ता पुरुष मीठ बघत आला आहे.

"किती वाजता?"

"साडेदहा. फार तर पावणेअकरा."

"थेंबभर हातावर?"

सुमतीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "वाटीत," त्या म्हणाल्या. "भुजणं असलं तर एक बोंबील. बोंबलाशिवाय रश्शाचं मीठ कळत नाही म्हणतात. भानोल्याची भाजलेली वडी असली की कोपरा कापून लागतो. मग गोळी. मग पुन्हा बघतात, वाढवलेलं मीठ मुरलं का ते."

"अगं, ती चव असते. खाणं वेगळं," कमलाकांत म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य मोठ्यानं बोलल्यामुळे ते त्यांना स्वतःलाही जरा विचित्र वाटलं.

"आमचे आजोबा हेच म्हणायचे," बाई म्हणाल्या. "डायबेटिस होता त्यांना. रोज हेच. काका, अन्नासोबत हे औषध अंगात नीट उतरत नाही. पूर्वी तुमचं मीठ बघणं कमी होतं का?"

"गेल्या वर्षी रिटायर झाले ना," सुमतीबाई म्हणाल्या. "आधी फक्त रविवारी बघायचे."

कमलाकांतांना भीती वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. दोष गोळीचा नव्हता. एन्टेकाविर निर्दोष होतं. "मग गोळीची वेळ बदलू," ते म्हणाले.

"बदलू. पहाटे पाच?"

"साडेपाचला चहा-खारी," सुमतीबाई.

"संध्याकाळी सहा?"

"तेव्हा रात्रीचं मीठ."

"झोपताना?"

"साडेदहाला दूध, त्यात काहीतरी बुडवून. रात्री दीडला उठतात तेव्हा फ्रिजचं दार ऐकू येतं."

"ते पाण्यासाठी," कमलाकांत म्हणाले. दोघींनीही ते ऐकून घेतलं नाही.

बाईंनी कागदावर चोवीस तासांची रेघ मारली होती आणि तिच्यावर फुल्या केल्या होत्या. रेघ फारशी दिसत नव्हती. "तुमच्या दिवसात रिकामं पोट नावाची जागाच नाही, काका. आता दोन मार्ग. खाणं आवरा, मीठ बघणं सोडा, आणि एन्टेकाविर चालू ठेवा. नाहीतर नवं टेनोफोविर देते. तुमच्या बाबतीत ताकदीला दोन्ही सारखीच. पण ते जेवणाबरोबरच घ्यायचं असतं. ठरवा, पण जे ठरवाल ते पाळा. लिव्हरला आणखी चालढकल परवडणार नाही."

बाहेर आग्नेलो बसला होता. आत मीठ बघणाऱ्या चार पिढ्या उभ्या होत्या. कमलाकांतांनी भिंतीवरच्या यकृताच्या चित्राकडे बघितलं. सात वर्षं सकाळी सव्वासहाला पाठवलेले सगळे अभ्यास त्यांना आठवले. मग बोंबील आठवला.

"टेनोफोविर द्या," ते म्हणाले. "फक्त बाहेर सांगू नका."

बाहेर आल्या आल्या आग्नेलोनं त्यांच्या हातातल्या चिठ्ठीकडे मान लांबवली. कमलाकांतांनी ती घडी करून खिशात घातली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढून त्याच्या हातात दिली. आग्नेलोनं ती दोनदा वाचली. कमलाकांत टोमण्याची वाट बघत उभे राहिले.

"विषाणू आला का रे?" आग्नेलोनं हळूच विचारलं.

"आला. सातशे."

"मग घाबरलास असशील." त्यानं चिठ्ठी परत दिली. "जाईल. माझा गेला ना." एवढं बोलून त्यानं चांगुलपणा आवरता घेतला. "शेवटी शहाण्या गोळीवर आलास, ते बरं झालं."

नोव्हेंबरच्या रिपोर्टात विषाणू सापडला नाही. आग्नेलोनं वाडीत हा आपल्या पक्षाचा विजय म्हणून सांगितला, आणि कमलाकांतांनी विरोध केला नाही. त्यांना वेळही नव्हता. आता गोळी पावणेअकराला, अन्नाबरोबर, डॉक्टरांच्या हुकमानं घ्यायची होती. एका बोंबलाला अन्न म्हणता येईल का, याबद्दल त्यांना शंका होती, म्हणून ते तब्येतीखातर दोन घेत होते.