यशराजची उष्टी हळद

हळदीची वाटी माझ्या हातात देताना माझा धाकटा भाऊ यशराज म्हणाला, "ताई, त्यांनी नको म्हटलं तर भांडू नको हां. गपचूप परत घेऊन ये."

उद्यावर लग्न आलेलं आणि नवरदेवाची ही तयारी! एरवी मी त्याला चांगलं झापलं असतं. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या अख्ख्या कुडपण गावाला माहीत आहे. पण पाटावर उघड्या अंगाने बसलेल्या त्याच्याकडे बघून मी नुसतीच मान हलवली.

नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीच्या घरी न्यायची आणि तीच तिच्या अंगाला लावायची, ही आमच्याकडची रीत. आणि यशला सोरायसिस आहे. कोपर, पाठ, पोटऱ्या, सगळीकडे लाल चट्टे आणि त्यांवर पांढऱ्या खपल्या. लग्नाच्या दगदगीने ते नेमके याच आठवड्यात उसळले होते. आमच्या काकू-माम्यांनी आंब्याच्या पानाच्या टोकाने लांबूनच त्याच्या गालाला हळद टेकवली. पानाने लावायची रीतच असल्यामुळे मला काही बोलताही येईना. मग मी आपली दोन्ही हातांनी त्याला पाठभर लावली, दाखवून दाखवून.

हा आजार म्हणजे नक्की काय, हे कळायलाच आमची कितीतरी वर्षं गेली. कुणी वांगं बंद करायला सांगितलं, कुणी दूध. कुणी पाला वाटून दिला, त्याने तर होती ती कातडी सोलवटून निघाली. शेवटी महाडच्या एका डॉक्टरीणबाईंनी यशचा कोपर सरळ आपल्या हातात घेतला आणि आम्हाला समजेल असं सांगितलं. शरीराचे राखणदारच चुकून आपल्या कातडीवर उठतात. मग ती सुजते, भराभर वाढते, खपल्या धरते. याची लागण होत नाही, एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा. मुळासकट जाईल असं वचन त्यांनी दिलं नाही, पण औषधपाणी नीट ठेवलं तर ताब्यात राहील म्हणाल्या, आणि राहिलाही. मधूनच उसळतो, पुन्हा शांत होतो. त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

होणाऱ्या नवरीला, तेजश्रीला, यशने हे दुसऱ्याच भेटीत सांगून टाकलं होतं, चवदार तळ्याच्या काठी, शर्टाची बाही वर करून. पोरगी स्वतः जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटली, हवं ते विचारून घेतलं आणि मगच होकार कळवला. आईवडिलांच्या कानावरही तिने घातलं होतं. राहिली ती तिची आत्या.

आमची जीप घाट उतरून पोलादपूर, महाड करत नाते गाव गाठेपर्यंत आमच्यातल्याच कुणा हुशाराने हळदीचा व्हिडिओ स्टेटसला टाकला होता. थोडक्यात, माझ्याआधी यशची पाठ तिथे जाऊन पोचली. मांडवात शिरले तर बायका एकमेकींच्या कानाला लागलेल्या.

आत्याबाईंचं नाव प्रयागबाई. घरात शब्द त्यांचा आणि नवरीला पहिली हळद लावायचा मानही त्यांचाच. त्यांनी माझ्या हातातली वाटी हसत घेतली, आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या दुसरीच वाटी घेऊन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भावाला दिलेला शब्द आडवा आला. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

पहिली बोटं गालाला लागली आणि तेजश्रीने नाक वर करून वास घेतला.

"आत्ये, ही तिकडची नाय. तिकडच्या हळदीत खोबरेल हाय."

नुसत्या हळदीने यशची कातडी आणखी सुकू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनीच ती तेलात कालवायला सांगितली होती. ते त्याने तिला फोनवर सांगितलेलं.

प्रयागबाई ओशाळल्या. "अगो, तुझ्याच भल्यासाठी केला ना मी. एकदा अंगाला लागला म्हंजे जन्माचा..."

"लागत नाय तो. मी विचारून आलेय. आनि मला त्यांच्याबरोबर जन्म काढायचा हाय, आत्ये. तू किती वेळा वाटी बदलशील?"

प्रयागबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू भैन ना गो त्याची? तुला कदी झाला?"

"नाय. एका गोधडीत झोपून मोठी झालोय आम्ही. लग्न होईपर्यंत त्याला मलम मीच लावायचे. हे बघा."

मी दोन्ही बाह्या वर सरकवून हात पुढे केले. वांगी निवडावीत तसे त्यांनी माझे हात उजेडात उलटेपालटे करून पाहिले. मग आत गेल्या आणि आमची वाटी घेऊन आल्या.

"मला कोनी सांगितला नाय तर मी काय करू?" त्या उलट आमच्यावरच डाफरल्या. "त्या डाक्टरनीला आधी माझ्यासमोर बसवायची होती!" पान बाजूला सारून त्यांनी वाटीत दोन्ही हात घातले आणि तेजश्रीचे गाल, गळा, दंड पिवळेजर्द करून टाकले. मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले.

मी मागच्या पडवीत जाऊन यशला फोन लावला. पहिली रिंग संपायच्या आत त्याने उचलला.

"लावली?"

"लावली रे. आत्याबाईंनी स्वतः, दोन्ही हातांनी."

मग त्याने हळूच विचारलं, "नंतर हात धुतले त्यांनी?"

हात मिळवला की नळ शोधणारी माणसं माझ्या भावाने एवढी पाहिली होती, की सगळं सोडून त्याला हेच विचारावंसं वाटलं. मी दारातून मांडवात डोकावले. प्रयागबाई वाटी बोटांनी निपटून उरलेली हळद स्वतःच्या गालांना चोपडत होत्या आणि हसणाऱ्या बायकांना दम देत होत्या.

"नाय धुतले," मी म्हणाले. "तोंडाला फासलेत."

पलीकडे तो हसत होता की रडत होता, मला कळेना. मी मात्र सरळ रडले.