सासरच्या गावी पर्यटक

झाहारीने हॉटेलच्या खोलीतले पडदे सारले आणि म्हणाला, "बघ गं, बघ!"

खाली यांत्रा नदीचं वळण होतं आणि पलीकडच्या कड्यावर वेलिको तारनोवोची घरं एकमेकांच्या खांद्यांवर बसल्यासारखी चढत गेली होती. नेवेनाला त्या दाटीत एक घर पहिल्याच नजरेत सापडलं. द्राक्षाचा मांडव, त्याच्या बाजूला वाळत घातलेली पांढरी चादर. म्हणजे त्सोनाबाई घरी होत्या.

"छान आहे," ती म्हणाली आणि बॅगेतून रुंद काठाची टोपी काढली.

ते घर तिच्या सासूचं होतं. मिलेन, तिचा नवरा, चार वर्षांपूर्वी याच महिन्यात गेला. बुधवारी त्सोनाबाईंचा वार्नाला फोन आला होता. शनिवारी स्मरणाची प्रार्थना आहे, येशील ना? नेवेना वार्नातच फिजिओथेरपीच्या दवाखान्यात काम करायची. ती म्हणाली होती, "आई, दोघीजणी रजेवर आहेत. मला सुट्टीच नाही." हे तेव्हा खरंही होतं आणि नव्हतंही. मागितली असती तर मिळाली असती. दुसऱ्याच दिवशी झाहारी हॉटेलचं आरक्षण घेऊन आला. शनिवार-रविवार, वेलिको तारनोवो. तिला खूश करायचं म्हणून आधी बोलला नव्हता. मिलेनची आई तिकडे डोंगरात कुठल्याशा गावी असते, एवढंच त्याला माहीत होतं, कारण तिने तेवढंच सांगितलं होतं. त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. पण तो इतका आनंदात होता, आणि झाहारीबद्दल तिने सासूला वर्षभर चकार शब्द सांगितला नव्हता. एक गाठ सोडवायची तर दुसरी आधी सोडवायला हवी होती. तिने दोन्ही तशाच ठेवल्या आणि बॅग भरली.

सकाळभर झाहारी हिंडत होता आणि ती त्याच्या मागे. प्रत्येक लाकडी सज्जाचा फोटो, प्रत्येक मांजराचा फोटो. "तू गॉगल काढ ना, फोटोत डोळे दिसत नाहीत," तो म्हणाला.

"ऊन लागतंय."

चर्चची घंटा झाली तेव्हा ती एका मातीच्या भांड्यांच्या दुकानात शिरली आणि नको असलेल्या वाडग्याचे भाव विचारत बसली. प्रार्थना सुटून बायका आपापल्या घरी जाईपर्यंत तिला तिथे थांबायचं होतं. शेवटी झाहारीनेच तिला बाहेर ओढलं.

"या पायऱ्यांनी वर जाऊ. वरून सगळी नदी दिसते म्हणे."

"नको रे. पाय दुखतोय माझा."

"दुसऱ्यांचे पाय बरे करतेस आणि स्वतःचा दुखतो? चल, हळूहळू."

पायऱ्या तिच्या ओळखीच्या होत्या. लग्नाच्या दिवशी मिलेनने तिला इथूनच उचलून न्यायचा हट्ट धरला होता आणि अर्ध्यात धापा टाकत खाली ठेवलं होतं. ती मान खाली घालून चढू लागली. वळणावर वरून काहीतरी धडधडत आलं आणि झाहारी ओरडला, "अरे अरे! थांबा आजी!"

चाकाची पिशवी ओढत एक म्हातारी वर चालली होती. चाक निखळलं, पिशवी आडवी झाली आणि जाड सालीच्या मोठ्या लाल मिरच्या पायऱ्यांवरून उड्या मारत खाली येऊ लागल्या. सप्टेंबर म्हणजे घरोघरी मिरच्या भाजून वर्षाची चटणी भरायचे दिवस. झाहारी धावत सुटला. नेवेना भिंतीला चिकटून उभी राहिली. काळा रुमाल, काळा स्वेटर, किंचित डावीकडे झुकलेली पाठ. एक मिरची तिच्या बुटाला लागून थांबली. ती वाकली नाही.

"नेवेना! बघत काय राहिलीस, पकड की ती!" झाहारी ओरडला.

म्हातारीने मान वळवली.

नेवेनाने मिरची उचलली, मग दुसरी, मग ओंजळभर. वर जाऊन तिने त्या पिशवीत टाकल्या. टोपीचा काठ डोळ्यांवर होता. त्सोनाबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे हे तिला ठाऊक होतं आणि त्या क्षणी तिने देवाकडे मागितलं ते एवढंच, की तो दुसऱ्या डोळ्यातही असू दे. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"उपकार झाले हो, बाई," त्सोनाबाई म्हणाल्या. "तुम्ही कुठल्या?"

तुम्ही. या बाईने तिला पहिल्या भेटीतसुद्धा तुम्ही म्हटलं नव्हतं.

"वार्नाचे आम्ही," झाहारीने उत्तर दिलं. पिशवी त्याने खांद्यावर घेतली होती. "कुठे राहता आजी? पोचवून देतो. यावर नाही म्हणायचं नाही."

"नाही म्हणाले असते," त्सोनाबाई म्हणाल्या, "पण गुडघे हो म्हणतायत."

फाटकावर मिलेनचा फोटो होता. तारनोवोत काय, सगळ्या देशातच, माणूस गेला की आणि नंतर दर स्मरणदिनी असा कागद दारावर लावतात. खाली नावं होती : आई आणि पत्नी. झाहारी पिशवी सांभाळत येत होता. नेवेना पुढे झाली, फाटकाला पाठ टेकवून तिने ते उघडं धरलं आणि तो आत जाईपर्यंत तशीच उभी राहिली. मिलेनचं तोंड तिच्या पाठीखाली होतं. त्सोनाबाईंनी ते पाहिलं.

मांडवाखाली त्यांनी दोघांना बसवलं, गार पाणी आणलं, बशीत हिरव्या अंजिरांचा मुरंबा आणला. मग एक झाकलेलं भांडं आणलं.

"आज माझ्या मुलाचा दिवस आहे. गहू उकडलेत, अक्रोड घालून. दारी आलात तर त्याच्या नावाने घ्या."

"देव त्याला क्षमा करो," झाहारी रीतीप्रमाणे उठून उभा राहत म्हणाला. नेवेनाचे ओठ हलले. गव्हाचा घास तिच्या तोंडात फिरत राहिला.

"एकट्याच राहता?" झाहारीने विचारलं.

"सून आहे की. तुमच्याच वार्नाला असते, दवाखान्यात. यायची होती, पण रजा मिळाली नाही बिचारीला." त्सोनाबाई झाहारीकडे बघून बोलत होत्या. "फार चांगली पोर. दर रविवारी न चुकता फोन. मुलगा आजारी होता तेव्हा मी होते त्यांच्याकडे. रात्री मी म्हणायची, जा झोप, मी बसते. तर दाराशी उभी राहायची. अशा मुली मिळत नाहीत हो हल्ली."

दर रविवारी! दोन-दोन महिने फोन होत नसे. आणि दाराशी उभी राहणारी नेवेना नव्हती. नेवेना झोपायला जायची आणि खरंच झोपायची. जमिनीवर गादी टाकून रात्र रात्र जागायची ती ही बाई.

"नशीबवान आहात," झाहारी म्हणाला. "काय नाव होतं मुलाचं?"

त्सोनाबाई भांड्यावर झाकण ठेवू लागल्या. झाकण ठेवायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ त्यांनी लावला. नेवेनाला कळलं, त्या काहीतरी दुसरंच नाव सांगतील. तिच्यासाठी आपल्या मेलेल्या मुलाचं नावही बदलतील.

"मिलेन," नेवेना म्हणाली.

तिने टोपी काढली, गॉगल काढला. झाहारी आधी हसला, तिला कसं ठाऊक म्हणून. मग मिलेन, वार्ना, दवाखाना हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून उतरताना तिला दिसलं. त्याने चमचा खाली ठेवला.

"ही तुझी..."

"सासू. हो."

"आणि मी तुला सकाळपासून इथे फोटोला उभी करतोय." त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "एका शब्दाने सांगायचंस, नेवेना. मी काय त्यांना भेटू नको म्हणालो असतो?"

तो फाटकाबाहेर गेला. तिथे तो थांबला, कागद वाचला, आणि उतरून गेला.

"आई, तुम्ही ओळखलं होतंत."

"टोपी घातली म्हणून चाल बदलते होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुला नको होतं ना मी ओळखलेलं." त्सोनाबाईंनी बशा एकात एक ठेवल्या. मग एकदम चिडून म्हणाल्या, "आणि सकाळी चर्चमध्ये सगळ्या बायकांना सांगून बसलेय, सुनेला रजा नाही म्हणून! कुणी बघितलं असतं म्हणजे? माझी काय शोभा झाली असती? चर्चमधून येताना दिसलीस मला, भांड्यांच्या दुकानात लपत होतीस. वेडे, त्या बायकांतल्याच स्तान्काची मुलगी बसते तिथे गल्ल्यावर!"

"चुकलं माझं."

"चुकलं. हो, चुकलं." त्यांनी नेवेनाचं समाधान केलं नाही. मग विचारलं, "किती दिवसांपासून आहे हा माणूस?"

"वर्ष होईल."

"बरा आहे?"

नेवेनाला रडू फुटलं. "फार बरा आहे, आई."

"मग त्यात तोंड लपवण्यासारखं काय होतं? मी तुला काय जन्मभर काळा रुमाल बांधायला सांगणार होते? मला सांगितलं असतंस, तर मी रडले असते. एक दिवस. दोन दिवस. तेवढंही तुला बघवलं नसतं का?"



दुपारी दोघी दफनभूमीत गेल्या. त्सोनाबाईंनी मेणबत्ती लावली, थडग्यावर थोडी वाइन ओतली आणि म्हणाल्या, "आलीये बघ." नेवेना दगडावरची पानं वेचत बसली. मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. झालं नाही.

हॉटेलात झाहारी पलंगाच्या कडेला बसला होता. रात्री ते फारसं बोलले नाहीत. सकाळी किल्ल्यावर जायचं ठरलं होतं. तो बूट घालत म्हणाला, "त्यांच्या पिशवीचं चाक बसवून द्यायला हवं."

किल्ला राहिला, दोघं त्सोनाबाईंच्या घरी गेली. झाहारीने चाक बसवलं, मग कुणी न सांगता मिरच्या सोलायला बसला. भाजायच्या विजेच्या भांड्यातून मिरच्या वाफाळत बाहेर येत होत्या. त्सोनाबाई त्याला तुम्ही म्हणत होत्या, अदबीने, जरा लांबूनच. वास आला तशी शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"पाहुणे का गं, त्सोना?"

नेवेनाचे हात थांबले.

"पाहुणे कसले? सून आहे माझी. विसरलीस?" त्सोनाबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आणि हा तिचा माणूस. झाहारी."

शेजारणीने झाहारीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काल म्हणालीस तिला रजा नाही."

"मिळाली," त्सोनाबाई म्हणाल्या.

शेजारीण हं म्हणाली आणि उभीच राहिली. नेवेनाने नमस्कारापुरतंही वर पाहिलं नाही. तिने पुढची मिरची उचलली. ती अजून पोळत होती, साल बोटांना चिकटत होती, आणि नेवेना सोलत राहिली.