कंपनीला नको असलेला र

रविता कटरे आमगावच्या ज्युनिअर कॉलेजात संगणक शिकवायची. २००९ साली तिनं तिथल्या संगणकांवर लिहिण्याचं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं. देशोदेशीचे लोक मिळून ते बनवायचे, आतला कोड कुणालाही बदलता यायचा. खोट एकच होती. ‘वऱ्हाड’ लिहिलं की र तुटून बाजूला पडायचा.

तिनं जमेल तशा इंग्रजीत तक्रार टाकली. फिनलंडहून एरो नावाच्या माणसानं विचारलं, “तुमची लिपी मला वाचता येत नाही. हे अक्षर कसं दिसायला हवं?” रविताने खडूनं फळ्यावर मोठ्ठा ‘ऱ्हा’ काढला आणि त्याचा फोटो धाडला. आठवड्याभरात शब्द पडद्यावर नीट उमटला. ती बघतच राहिली. मराठीचं अक्षरही न कळणाऱ्या माणसानं तो र जोडून दिला होता!

मग बातमी आली. या सॉफ्टवेअरचं नाव जिच्या मालकीचं होतं ती, एरोला पगार देणारी कंपनी दुसऱ्या बड्या कंपनीनं विकत घेतली होती. नव्या मालकांनी कळवलं की ज्या भाषांतून धंदा नाही, त्यांचं काम बंद. त्यात मराठीही होती.

“काऊन वं, तोंड पाडून बसलीस?” तांदूळ निवडता निवडता तिच्या आईनं, रामकलीबाईंनी विचारलं.

रविताने सांगितलं.

“मंग? त्यायनं विकत घेतली तं त्यायचीच झाली ना?”

“नाव त्यायचं झालं, माय. कोड सगळ्यायचा आहे.”

पण त्याचं काय करायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ते रविवारी सकाळी कळलं. ब्राझीलच्या एका बाईनं सगळ्यांना लिहिलं होतं: ‘चला, कोड घेऊन बाहेर पडू. नवं नाव, नवं घर.’ तिच्याखाली निरोपांवर निरोप येत गेले. नेपाळी मी बघतो. तमिळ माझी. आइसलँडिक आम्ही दोघं. रविताच्या अंगावर काटा आला. यातलं कुणी कुणाला भेटलेलं नव्हतं. तिनं लिहिलं, ‘मराठी, मी.’

एरोचा निरोप वेगळा आला. ‘मला नोकरी सोडता येत नाही, आणि नोकरीत तुमच्यासाठी काम करता येत नाही. पण मी जे लिहिलं ते आधीच तुमचं आहे.’

ती कोड शिकली. अडली की नेपाळचा माणूस समजावून सांगायचा. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती निघाली, मराठीसकट. आणखी वर्षभरानं त्या बड्या कंपनीनं गुपचूप त्यातल्या मराठीच्या सगळ्या दुरुस्त्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या. कोडात दुरुस्ती करणारी म्हणून रविताचं नाव तसंच होतं.

“चोरलं म्हन ना!” रामकलीबाई चिडल्या.

“नाही माय. घ्यायचा हक त्यायलेही आहे.”

“ज्यायनं हाकललं, त्यायलेही?”

“त्यायलेही.”

रामकलीबाईंचा हात सुपातच थांबला. “एवढं मोठं मन कोनाचं व्हय, बाई?” त्या म्हणाल्या.

रविताला एकाचं नाव सांगता येईना.